आज कोणता काळ करतोय?

२०११ सालच्या जुलै महिन्यात मी कोस्टा रिका देशातल्या ग्वानाकास्ते प्रांतात, एका शेताच्या बांधावर, पोटरीभर चिखलात उभी होते. सोबत मातीतला ओलावा मोजणाऱ्या उपकरणांची पेटी होती आणि समोर सकाळीच खणलेला दीड मीटर खोल खड्डा. दुपारी दोनपर्यंत तो पाण्याने काठोकाठ भरला. ही उपकरणे खड्ड्याच्या भिंतीत वेगवेगळ्या खोलीवर रोवायची असतात आणि त्यासाठी माती कोरडी हवी. कोरडी असताना ती बसवली, की पुढे पहिला पाऊस पडल्यावर पाणी किती वेळात किती खोल मुरते याची नोंद मिळते. आम्हाला हवी होती ती नेमकी हीच नोंद. आणि आम्ही तिथे पोचलो होतो भर पावसात.

चूक माझीच होती. तिथल्या सहकाऱ्याने इ-मेलमध्ये स्वच्छ लिहिले होते, 'इन्ब्येर्नोत येऊ नका, बेरानोत या.' माझ्या शब्दकोशात इन्ब्येर्नो म्हणजे हिवाळा आणि बेरानो म्हणजे उन्हाळा. कोस्टा रिका विषुववृत्ताच्या उत्तरेला दहा अंशांवर आहे. उत्तर गोलार्धातला उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट, असा साधा हिशेब करून मी तारखा ठरवल्या. शेवटी उपकरणे बसली ती पुढच्या जानेवारीत. प्रकल्पाची मुदत संपली मार्चमध्ये आणि तिथला पाऊस सुरू झाला मे महिन्यात. पहिल्या पावसाची नोंद आम्हाला मिळालीच नाही.

सहकाऱ्याचे शब्द बरोबर होते आणि शब्दकोशही खोटा नव्हता. मग घोटाळा कुठे झाला? ते समजायला मला स्पॅनिश माणसे हवेबद्दल कशी बोलतात इथपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यात जे हाती लागले ते भाषेच्या शिक्षकांना तर आवडेलच, पण विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडेल असे मला वाटते.

त्या काळात मी स्पेनमधल्या थारागोथा शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करत होते. नकाशात हे नाव झारागोझा असे सापडेल. स्पेनमध्ये 'झेड' अक्षराचा उच्चार आपल्या 'थ'च्या जवळ जातो. दक्षिण अमेरिकेत तोच 'स' होतो. शिवाय स्पॅनिशमध्ये व आणि ब यांत फरक नाही, बंगाली माणसाच्या बोलण्यासारखा. माझे स्पॅनिश थारागोथाचे असल्यामुळे इथले उच्चारही तिथलेच आहेत.

परक्या देशात पहिले संभाषण होते ते हवेवरच. स्पेनमध्ये तर अशा गप्पांना 'लिफ्टमधल्या गप्पा' असे नावच आहे. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या शेजारीणबाई रोज सकाळी लिफ्टमध्ये हवेबद्दल काहीतरी म्हणत आणि मी मान डोलावत असे. पहिला प्रश्न शिकले तो 'के त्येम्पो आथे?' आज हवा कशी आहे? पण शब्दशः अर्थ घेतला तर गंमत आहे. 'त्येम्पो' म्हणजे काळ, वेळ. 'आथे' म्हणजे करतो. आज कोणता काळ करतोय?

काळ आणि हवा यांना एकच शब्द कसा, असे आपल्याला वाटेल. पण आपले उन्हाळा, पावसाळा, हिवाळा पाहा. शेवटचा 'आळा' हा 'काळ' या शब्दाचाच झिजलेला अवशेष आहे. उन्हाचा काळ, पावसाचा काळ, हिवाचा काळ. लॅटिनमध्ये काळाला जो 'टेम्पुस' शब्द आहे, त्याच्याच नात्यातल्या 'टेम्पेस्टास' या शब्दाचा अर्थ आधी काळ, मग हवा आणि शेवटी वादळ असा सरकत गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षातला कोणता काळ चालू आहे आणि हवा कशी आहे हे प्रश्न फारसे वेगळे नसतातच.

आता या 'करतो'कडे वळू. उकडत असेल तर स्पॅनिश माणूस म्हणतो 'आथे कालोर', उष्णता करते. थंडी असेल तर 'आथे फ्रीओ', थंडी करते. ऊन असेल तर 'आथे सोल', सूर्य करते. वारा सुटला तर 'आथे ब्येन्तो', वारा करते. कोण करते? कोणीच नाही. वाक्याला कर्ता नाही आणि तो शोधायचाही नसतो. इंग्रजीत अशा ठिकाणी 'इट' नावाचा एक पोकळ कर्ता बसवावा लागतो. 'इट इज रेनिंग' हे वाक्य शिकताना 'इट म्हणजे कोण?' असे विचारणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो आणि त्याला बहुधा 'तसेच म्हणायचे' हे उत्तर मिळते. त्याला सांगायला हवे की बाबा, तुझी शंका रास्त आहे. आपण उजाडलं, अंधारलं, उकडतंय, भरून आलंय म्हणतो तेव्हा आपणही कर्ता ठेवत नाही. फरक इतकाच की इंग्रजीला रिकामी खुर्ची सहन होत नाही.

पाऊस पडण्याला स्पॅनिशमध्ये एकच क्रियापद पुरते, 'युएबे'. बर्फ पडतो तेव्हा 'न्येबा', गडगडते तेव्हा 'त्रुएना'. या वाक्यांत पाऊस किंवा बर्फ नावाची वेगळी वस्तू नाही, घडणे तेवढे आहे. मराठीत मात्र पाऊस ही वस्तू आहे: तो येतो, पडतो, दडी मारतो, थांबतो, धिंगाणा घालतो. सगळे काही तोच करतो. उजाडण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा अगदी जवळ येतात. 'आमानेथे' म्हणजे उजाडते, आणि लॅटिन अमेरिकेत सकाळी भेटलेल्या माणसाला 'कसे उजाडलात?' असे विचारतात. 'बोलता बोलता मला तिथेच उजाडलं' हे आपण म्हणतोच की.

दोन-तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आले की ही क्रियापदे वाटेल तशी वापरलेली नाहीत. ऊन, उष्मा, थंडी, वारा या कातडीला जाणवणाऱ्या गोष्टी. त्यांना 'आथे'. धुके, ढग, वादळ या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी. त्यांना 'आय', म्हणजे 'आहे': 'आय न्येब्ला', धुके आहे. आकाशाची त्या वेळची अवस्था सांगायची असेल तर 'एस्ता' हे तिसरे क्रियापद येते: 'एस्ता नुब्लादो', आभाळ आलेले आहे. नियम काटेकोर नाही. वाऱ्याला 'आय'ही चालते. पण एकंदर कल तसा आहे खरा.

आणि मला हवेमुळे काय होते हे सांगायला चौथे क्रियापद आहे, 'तेन्गो', म्हणजे माझ्याजवळ आहे. 'तेन्गो फ्रीओ', माझ्याजवळ थंडी आहे, म्हणजे मला थंडी वाजते. 'तेन्गो कालोर', मला उकडतंय. इथे इंग्रजीच्या सवयीने घोटाळा करणारे पुष्कळ असतात. मीही केला. जुलैतल्या एका दुपारी, इंग्रजी मनात धरून, 'मी गरम आहे' असे वाक्य जुळवून मी 'एस्तोय काल्येन्ते' असे प्रयोगशाळेत सर्वांसमोर म्हणाले. क्षणभर शांतता आणि मग जो हशा उसळला तो मी विसरणार नाही. त्याचा अर्थ या मासिकात छापण्यासारखा नाही.

पण त्या फजितीने मला एक चांगली गोष्ट शिकवली. 'काल्येन्ते' हे विशेषण वस्तूचे आहे. कॉफी काल्येन्ते असते, तवा काल्येन्ते असतो. हवेची स्थिती, वस्तूची स्थिती आणि माझ्या शरीराला होणारी जाणीव या तीन गोष्टींना स्पॅनिश भाषा तीन वेगळ्या क्रियापदांनी वेगळे ठेवते. मराठीही ठेवते. थंडी पडली आहे, चहा थंड झाला आहे, मला थंडी वाजते आहे. अलीकडे शहरांत मुले 'गरम होतंय' म्हणून सगळेच एका पिशवीत टाकतात, पण 'उकडतंय' हा शब्द अजून जिवंत आहे. तापमान शिकवताना आपण ज्या गैरसमजाशी झगडतो तो याच तीन गोष्टी एकत्र झाल्यामुळे होतो.

हिवाळ्यातल्या सकाळी बाकाच्या लोखंडी पायाला हात लावला तर तो लाकडी फळीपेक्षा थंड लागतो. मुले म्हणतात, लोखंड थंड असते. तापमापी लावली तर रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या फळीचे आणि पायाचे तापमान सारखेच निघते. लोखंड उष्णतेचे चांगले वाहक असल्यामुळे आपल्या बोटातली उष्णता झपाट्याने ओढून घेते, लाकूड ती हळूहळू घेते. आपल्या कातडीतल्या चेतातंतूंना कळते ते कातडीचे स्वतःचे तापमान आणि ते किती वेगाने बदलते आहे एवढेच. पलीकडच्या वस्तूचे तापमान त्यांना थेट कळत नाही. परत आल्यावर एका शाळेत आठवीच्या वर्गात मी हा प्रयोग करून घेतला आणि नंतर फळ्यावर तीन वाक्ये लिहिली: थंडी पडली आहे, हे थंड आहे, मला थंडी वाजते. लोखंडाबद्दल यातले कोणते खरे, असे विचारले. बरीच चर्चा झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, लोखंड थंड नाहीये, आपल्याला ते थंड लागतंय." 'लागणे' हे क्रियापद मला सुचलेच नव्हते. स्पॅनिशमध्ये ते चौथ्या खणात गेले असते.

याच विभागणीचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे ताप. ताप चढत असताना आई मुलाच्या कपाळाला हात लावते आणि म्हणते अंग तापलंय. त्याच वेळी मूल कुडकुडत म्हणते, थंडी वाजतेय. दोघेही खरे बोलतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग शरीराचे तापमान किती असावे ते ठरवतो. जंतुसंसर्गात तो ही पातळी ३७ वरून समजा ३९ अंश सेल्सिअसवर नेऊन ठेवतो. आता ३८ अंशांवरचे शरीरही त्याच्या लेखी थंड ठरते आणि ते गरम करण्यासाठी स्नायू थरथरू लागतात. अंग 'काल्येन्ते' आणि माणसाजवळ 'फ्रीओ', दोन्ही एकदम. पुदिन्याची गोष्टही अशीच. गारव्याला प्रतिसाद देणारे टीआरपीएम-८ हे प्रथिन मेंथॉलनेही जागे होते, म्हणून तोंडातले तापमान न बदलताही गार वाटते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पातापुत्यान यांनी हे प्रथिन स्वतंत्रपणे शोधले. स्पर्श आणि तापमान यांच्या संवेदकांवरील कामासाठी २०२१ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

आता थारागोथाच्या वाऱ्यांकडे येऊ. हे शहर एब्रो नदीच्या खोऱ्यात आहे. उत्तरेला पिरेनीज पर्वत, दक्षिणेला इबेरियन डोंगररांग, मध्ये लांबट खोरे. वायव्येकडे हवेचा दाब जास्त आणि भूमध्य समुद्रावर कमी असला की हवा या नळीतून सुसाट वाहते. हा वारा थंड आणि कोरडा. त्याचे नाव 'थ्येर्थो'. कधीकधी त्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्याही वर जातात. रोमन लेखक केटो याने इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात या वाऱ्याबद्दल लिहून ठेवले आहे, की तो भरलेली गाडी आणि शस्त्रधारी माणूस उलथवतो. माझ्या छत्र्यांचे काय झाले ते सांगायला नको. थारागोथात वर्षाला पाऊस पडतो सुमारे ३२० मिलिमीटर, आपल्या माणदेशापेक्षाही कमी, तेव्हा छत्र्यांवाचून फारसे अडलेही नाही.

उलट दिशेने, आग्नेयेकडून, भूमध्य समुद्रावरचा दमट उबदार वारा येतो. त्याचे नाव 'बोचोर्नो'. लॅटिनमधल्या 'वुल्टुर्नुस' या आग्नेय वाऱ्याच्या नावावरून ते आले. पण स्पेनभर 'आथे बोचोर्नो' म्हणजे घाम वाळत नाही अशी कोंदट गरमी. आणखी एक अर्थ म्हणजे लाजेने चेहरा तापणे, ओशाळणे. प्रयोगशाळेतल्या त्या दुपारी मला जे झाले तोही बोचोर्नोच.

'कालोर' आणि 'बोचोर्नो' यांत जो फरक आहे तो आपल्या 'ऊन' आणि 'उकाडा' यांतला. घामाचा एक ग्रॅम वाळताना शरीरातली सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. हवा कोरडी असेल तर घाम येतो कधी आणि वाळतो कधी कळतही नाही. हवा दमट असेल तर घाम निथळतो आणि निथळलेला घाम काहीच थंडावा देत नाही. थारागोथात ३८ अंशांनाही सावलीत बरे वाटे, आणि मुंबईत मे महिन्यात ३३ अंशांना जीव नकोसा होतो. बटाटे आणि माणसे यांच्यासाठी आपण एकच क्रियापद वापरतो हे फार शहाणपणाचे आहे. दोन्ही पाण्याच्या वाफेतच उकडतात.

पावसाच्या प्रकारांना तर स्पॅनिशमध्ये तोटा नाही. उत्तरेकडच्या बास्क प्रदेशात 'चिरिमिरी', त्याच्या पश्चिमेला 'ओर्बायो'. दोन्ही म्हणजे आपली भुरभूर. मला सर्वांत आवडलेला शब्द 'कालाबोबोस', म्हणजे बावळटांना भिजवणारा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान थेंब इतक्या हळू खाली येतात की ते पडतात असे न वाटता तरंगतात असे वाटते. माणूस म्हणतो, हा काय पाऊस आहे? आणि अर्ध्या तासात चिंब होतो. मोठा पाऊस 'घागरींनी' पडतो; आपला मुसळांनी.

पेरूची राजधानी लिमा इथे वर्षाला दोन सेंटिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. तिथे 'गारुआ' असतो. किनाऱ्यालगतच्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे हवेचा खालचा थर गार राहतो, वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो आणि हिवाळाभर सूक्ष्म तुषारांचे मळभ शहरावर राहते. याच पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला बाळ येशूचे नाव दिले होते. १८९२ साली कामिलो कारिल्यो या नौदल अधिकाऱ्याने ते लिमाच्या भूगोल मंडळापुढे मांडले. ते नाव 'एल निन्यो'. कोळ्यांचा हा घरगुती शब्द आज आपल्या प्रत्येक मोसमी अंदाजात असतो. १९७२ आणि २००२ या दुष्काळी वर्षांत एल निन्यो होता. पण १९९७ साली तो अतिशय तीव्र असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, हेही मुलांना सांगायला हवे.

रोजच्या शब्दांवर जीव अवलंबून असतो असाही प्रसंग येतो. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर शरद ऋतूत जो भयंकर पाऊस पडतो त्याला लोक 'गोता फ्रीआ', म्हणजे थंड थेंब म्हणतात. हा थेंब पावसाचा नाही, हवेचा आहे. ध्रुवाकडच्या थंड हवेचा एक तुकडा पाच ते नऊ किलोमीटर उंचीवर मुख्य प्रवाहापासून तुटून वेगळा पडतो. खाली उन्हाळ्यात तापलेला भूमध्य समुद्र असतो. दमट उबदार हवा वर चढते, डोंगरांना अडते आणि एकाच जागी तासन् तास कोसळत राहते. पण लोक कोणत्याही जोरदार पावसाला गोता फ्रीआ म्हणू लागले. आपल्याकडे ताशी शंभर मिलिमीटरचा निकष विसरून प्रत्येक मोठ्या सरीला 'ढगफुटी' म्हणतात तसे. म्हणून स्पेनच्या हवामान खात्याने 'वरच्या थरातला तुटलेला कमी दाब' या अर्थाचे आद्याक्षरी नाव वापरायला सुरुवात केली, 'दाना'.

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी वालेन्सिया प्रांतात दाना आली. तुरीस या गावी २४ तासांत ७७१.८ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला १८४.६ मिलिमीटर एका तासात. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी झालेला ९४४ मिलिमीटर पाऊस आठवला की या आकड्यांचा अंदाज येईल. दोनशे वीसहून अधिक माणसे गेली. हवामान खात्याने त्या दिवशी सकाळीच लाल इशारा दिलेला होता. मोबाइलवरची सूचना आली ती रात्री आठनंतर. पण सर्वाधिक हानी झालेल्या पायपोर्तासारख्या गावांत त्या संध्याकाळी पाऊस फारसा पडतच नव्हता. पाणी आले ते वरच्या डोंगरांतून, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून. अशा कोरड्या ओढ्याला स्पॅनिशमध्ये 'बारान्को' किंवा 'राम्ब्ला' म्हणतात. यातला राम्ब्ला हा अरबीतल्या वाळूवरून आलेला शब्द. दारात 'युएबे' नाही म्हणजे धोका नाही, असे माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. (योगायोग असा, की त्याच आठवड्यात ओडिशाच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाचे नावही 'दाना'च होते. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

आता माझ्या चिखलातल्या खड्ड्याकडे परत येते.

स्पेनच्या दक्षिणेकडे, सेव्हिलच्या बाजूला, जुलै महिन्यात जवळजवळ शून्य पाऊस असतो. उन्हाळ्यात अझोर्स बेटांवरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकून या भागावर बसतो आणि ढगांना वर चढू देत नाही. हिवाळ्यात तो दक्षिणेला सरकतो, मग अटलांटिकवरून पश्चिमी वारे पाऊस घेऊन येतात. म्हणजे तिथे हिवाळा तोच पावसाळा आणि उन्हाळा तोच कोरडा काळ. ऋतूंची नावेही तिथे नेहमी आजच्यासारखी नव्हती. 'बेरानो' हा शब्द मुळात वसंतावरून आला आहे आणि १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉन किहोते'च्या दुसऱ्या भागात सर्व्हांतेस चारऐवजी पाच ऋतू मोजतो, वसंत आणि कडक उन्हाळा यांच्या मध्ये बेरानो धरून. आपल्या सहा ऋतूंना हसणाऱ्यांना हे जरूर सांगावे.

सोळाव्या शतकात अमेरिकेत गेलेल्या स्पॅनिश लोकांत मोठा भाग याच दक्षिणेकडच्या आंदालुसियाचा आणि शेजारच्या एक्स्त्रेमादुराचा होता. ते विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात पोचले तेव्हा त्यांना दिसले की इथे वर्षभर उकडते; गार आणि गरम असे दोन काळ नाहीतच. आहेत ते ओला आणि कोरडा. घरी पाऊस पडे तो इन्ब्येर्नोत. मग इथे पाऊस पडतो तोही इन्ब्येर्नो! शब्दाबरोबर थंडी आली नाही, पाऊस आला. मध्य अमेरिकेत व्यापारी वाऱ्यांच्या मीलनाचा पट्टा मे महिन्यात उत्तरेला सरकतो आणि नोव्हेंबरपर्यंत पाऊस देतो. म्हणून ग्वानाकास्तेचा इन्ब्येर्नो मे ते नोव्हेंबर आणि बेरानो डिसेंबर ते एप्रिल. ही काही एका प्रांताची लहर नाही. विषुववृत्ताच्या दक्षिणेला दोन अंशांवर, इक्वादोर देशात, ग्वायाकिल शहर आहे. तिथला पाऊस साधारण जानेवारी ते एप्रिल. दक्षिण गोलार्धाच्या हिशेबाने तो उन्हाळा आणि तिथला तो सर्वांत उकाड्याचा काळ. तरीही ग्वायाकिलकर त्याला इन्ब्येर्नोच म्हणतात. दोन्ही ठिकाणचे महिने वेगळे, गोलार्ध वेगळे, पाऊस मात्र समान.

जुलै-ऑगस्टमध्ये ग्वानाकास्तेत पावसाला काही दिवस उघडीप मिळते. तिला 'बेरानियो' म्हणजे छोटा उन्हाळा म्हणतात. शब्दकोशाच्या अर्थाने वाचले तर हिवाळ्याच्या मध्यावर, उन्हाळ्याच्या महिन्यात येणारा छोटा उन्हाळा! आम्हाला त्या वर्षी तोही भेटला नाही.

आणि या साऱ्यात आपलाही एक शब्द आहे. आपल्या पावसाला स्पॅनिशमध्ये 'मोन्थोन' म्हणतात. तो पोर्तुगीज 'मोन्साँव'वरून आला आणि पोर्तुगिजांनी तो घेतला अरबी खलाशांच्या 'मौसिम'वरून. अरबीत मौसिम म्हणजे ठरावीक काळ, हंगाम. आपला 'मोसम' तोच. इथेही हवेला नाव मिळाले ते काळाचेच.

ग्वानाकास्तेच्या त्या सहकाऱ्याशी अजून पत्रव्यवहार आहे. दर मे महिन्यात कधीतरी त्याचा एका ओळीचा इ-मेल येतो: इन्ब्येर्नो आत आला. पहिला पाऊस पडला की तिकडे असेच म्हणतात. मी उत्तर देते, आमचा अजून यायचा आहे, केरळपर्यंतही पोचलेला नाही.